भरल्या हंड्याची वाट

जोहे, १२ जानेवारी २०२५

ती. आईंना मालूचा नमस्कार.

पत्र बघून घाबरू नका, कुणाला काही झालेलं नाही. जे व्हायचं ते मागच्या ऑगस्टमध्येच होऊन गेलं. फोनवर तुम्हाला नीट ऐकू येत नाही, आणि मी ओरडून बोलले की बाबांच्या गणपतीच्या कारखान्यातली माणसं ब्रश खाली ठेवून ऐकत बसतात. सासू-सुनेचं बोलणं जगाला कशाला? म्हणून पत्र. तुम्ही सातवी पास आहात हे तुम्ही माझ्या लग्नात सगळ्यांना सांगत होतात, ते आता कामाला येऊ दे.

मला जिथे व्यायामाला नेतात तिथल्या पेणच्या मॅडम म्हणाल्या, हात चांगले झालेत, पण पोरगी सुकत चाललीय, हिला झाडापानांत न्या. माळ्यावरून साचा उतरवताना शिडी सरकली त्या दिवसापासून मी भिंत, छत आणि गणपती यांच्यापलीकडे काही बघितलेलं नाही. म्हणून मिथुनदादाने मोबाईलवर शोधलं. ‘मुंबईजवळच्या सोप्या निसर्गवाटा’ असं लिहून खाली फोटो होता, त्यात एक मुलगी हसत हसत धोंड्यावरून उडी मारत होती. सोप्या म्हणजे कुणाला सोप्या, ते लिहिलेलं नव्हतं. मग आम्ही एका बागेत गेलो. तिथे गुरं आणि मोटरसायकली आत येऊ नयेत म्हणून लोखंडी नागमोडी फाटक लावलंय, त्यात माझी चाकांची खुर्ची अडकली. मागे माणसं खोळंबली. आमच्या शेतापलीकडे खाडीचं पाणी अडवणाऱ्या खारबांधावर गेलो तर चिखलात उमटलेले म्हशींचे खूर सुकून दगड झालेले. दहा पावलांत माझे दात वाजायला लागले.

तुमच्याकडे झाडं आहेत, पाणी आहे. घराला पायऱ्या आहेत हे मला ठाऊक आहे, मी वर येत नाही. पण खाली कुठे खुर्ची चालेल अशी वाट असली तर कळवा. अक्षयला रविवारी सुट्टी असते, तोही येईल.

दुसरं म्हणजे, यंदाही गौर पूर्वा नक्षत्रात येतेय, बाबांनी पंचांगात बघितलं. लग्नाच्या वर्षी ती पूर्वात नव्हती, म्हणून माझा पहिला ओवसा राहिला. मागच्या वर्षी होती तर मी हॉस्पिटलात. पुढच्या वर्षी पुन्हा नाही. सासरच्या गौरीपुढे सुपं मांडल्याशिवाय सून घरची होत नाही, हे तुमचंच बोलणं. तेव्हा भाद्रपदात मला कसंही करून घरात न्यायचं आहे, आतापासून विचार करून ठेवा.

तुमची,
मालू

---

निडीजवळची वाडी, ३० जानेवारी २०२५

चि. सौ. मालूस आशीर्वाद.

नुसती सातवी पास नाही, वर्गात पहिली आले होते. पुढे शिकवलं नाही ते आमच्या बापाने, त्याला मी काय करू.

पुढची पत्रं नमिताच्या नावावर, ती शिकवते त्या अंगणवाडीत पाठव. पोस्टमन आपला चढ चढायचा कंटाळा करतो.

वाट आहे. आपल्या वाडीखालून कालवा जातो तो आठवतो ना? त्याच्या कडेने सरकारी जीप जायला रस्ता केलाय. जीप काही कुणी बघितली नाही, पण रस्ता आहे. पाणी ज्या अंगाने हळू चालतं त्या अंगाला चढउतार नसतो. एका बाजूला पाणी, दुसऱ्या बाजूला करंज आणि शिरीष, सावली भरपूर.

पण तोंडाने सपाट म्हणणं सोपं. म्हणून मी शेणाची हातगाडी धुतली, तिच्यात तुझ्या वजनाइतकी भाताची पोती टाकली आणि वर पाण्याने भरलेला हंडा ठेवला. मनात म्हटलं, हंडा भरलेला न्यायचा आणि भरलेला परत आणायचा, तेव्हा वाट सोपी. पहिल्या दिवशी, वाटेखालून पाणी जातं त्या मोरीपाशी पोहोचेपर्यंत अर्धा हंडा माझ्या लुगड्यावर. तिथे पाइप वर आलाय. मग फावडं नेलं, पाइपावर माती ओढली. दुसऱ्या दिवशी चिंचेच्या मुळांनी सांडवला. नमिताची सासू बांधावरून ओरडली, “गिरजे, येडी झालीस काय गो? भाताला आंघोळ घालतंस?” मी म्हटलं, व्हय. काल हंडा भरलेला परत आला. एक थेंब गेला असेल तर तो माझ्या हाताने.

१६ फेब्रुवारीला रविवार आहे, त्या दिवशी ये. पोपटी लावीन. मडक्यात भाजायला वालाच्या शेंगा भरल्यात, भांबुर्ड्याचा पालाही आहे.

अक्षय बरा आहे. कामावर जातो, येतो.

गिरजाबाई

---

जोहे, २० फेब्रुवारी २०२५

ती. आईंना नमस्कार.

त्या दिवशी तोंडाने बोलता आलं नाही ते लिहिते.

मिथुनदादाने टेंपोत पेंढा पसरून खुर्ची चारही बाजूंनी सुतळीने बांधली. आम्ही मोठा गणपती बांधतो तशीच. वाशीनाक्यावर एका बाईने खरोखर हात जोडले, मग आत मी दिसले तेव्हा लाजली. मी तिला आशीर्वाद देऊन टाकला.

कालव्यावर तुम्ही खुर्ची ढकलायला घेतलीत आणि मी मनातल्या मनात धक्क्याची वाट बघत बसले. सहा महिने मला कुणीही कुठेही नेलं की आधी धक्का, मग ‘सॉरी हां’. धक्का आलाच नाही. पाणी माझ्या कोपराएवढ्या अंतरावरून चाललं होतं. मी हात खाली सोडला तर बोटं भिजली. बगळे उडाले नाहीत. आई, मी त्या शिरिषाखाली का रडले ते तुम्ही विचारलं नाहीत, बरं केलंत.

मग तुम्ही माझ्या चपला काढल्यात, तांब्याने पायांवर कालव्याचं पाणी घातलंत आणि विचारलंत, “गार लागतंय काय गो?” मी व्हय म्हटलं. खोटं बोलले. कंबरेखाली मला काही कळत नाही, डॉक्टरांनी सांगितलंय तसंच अजून आहे. पण तुमचं तोंड बघून मला नाही म्हणवेना.

पोपटीतली अंडी मिथुनदादाने एकट्याने संपवली त्याबद्दल माफी.

अक्षय आला नाही. तुम्ही डबल शिफ्ट म्हणालात. कंपनीत माणसं कमी केलीत का? फोनवरही दोन शब्द बोलतो आणि सुपरवायझर आला म्हणतो. मी त्याला रागावले नाही. खुर्चीतल्या बायकोने रागवायचं नसतं, लगेच सगळ्यांना कीव येते आणि राग फुकट जातो.

झाडांतून वर आपलं घर दिसत होतं. तुळस दिसली, माझी हिरवी बादलीही दिसली. मी म्हटलं, वर जाऊन नुसतं अंगण बघू. तुम्ही म्हणालात, पायऱ्या हायत, पुढल्या टायमाला. दादा मला उचलून नेईल म्हणाला तर तुम्ही त्याच्यावर खेकसलात. माझी पाठ दुखेल म्हणून ना? कळलं मला.

मालू

---

वाडी, १४ एप्रिल २०२५

चि. सौ. मालूस आशीर्वाद.

उत्तराला उशीर झाला, कारण हात फोडांनी भरले होते. पायऱ्यांचं काय करायचं ते मी केलंय.

पायऱ्या तशाच आहेत, त्यांना हात लावला तर घरात महाभारत होईल. मी गोठ्याच्या मागून काढलं. कालव्यापासून आंब्यापर्यंत, आंब्याला वळसा घालून गोठ्याच्या भिंतीला लागून, मग अंगणात. लांब पडतं, पण चढ अंगावर येत नाही. खाली रस्त्याच्या कामाचा मुरूम पडून होता, ठेकेदाराला विचारून घेतला. रोज ऊन उतरलं की घमेली टाकायची, पाणी मारायचं, चोपण्याने चोपायचं. घरातली जमीन मी अशीच केली होती नवी नवरी असताना. हंडा आंब्यापर्यंत भरलेला जातो. वळणावर अजून हिंदकळतो. पावसाआधी तेही जमेल.

तुझे सासरे ओटीवर बसून बघतात. परवा म्हणाले, “कुनासाठी खपतंस एवढी?” मी म्हटलं, माझे गुडघे गेलेत, माझ्यासाठी. ते काय समजायचं ते समजले. त्यांचं एकच पालुपद चालू असतं, सून माहेरी गणपतीचे डोळे काढायला गेली आणि तिकडे पडली, मग तिकडच्यांनीच सांभाळावी. तुझ्या कानावर आज ना उद्या येणार, म्हणून मीच सांगते. तू ते मनाला लावून घेऊ नकोस. घरात आलेल्या माणसाला हाकलणं फार कठीण असतं, न आलेल्याला नको म्हणणं सोपं.

तू सुपांची तयारी कर.

गिरजाबाई

---

जोहे, ११ मे २०२५

ती. आईंना नमस्कार.

तुमचं पत्र माझ्या आईला वाचून दाखवलं. ती म्हणाली, “माझ्याच्यान झाली नसती एवढी मेहनत.” सासूचं कौतुक माहेरी होतंय, तेव्हा मिरवून घ्या.

मामंजींचं बोलणं लागलं. खोटं कशाला सांगू? पण त्यांचंही खरं आहे म्हणा, मी पडले ते इथेच. लग्नानंतरही हंगामाला तुम्हीच मला पाठवत होतात, कारण डोळ्यांची आखणी माझ्यासारखी कुणाला जमत नाही. अजूनही जमते. फक्त आता मला दोन फुटांपर्यंतचेच गणपती मिळतात, मोठ्यांचे डोळे दुसरे काढतात आणि मी खालून बघून नावं ठेवते. कारखाना पांढऱ्या गणपतींनी भरलाय. अजून डोळे नसलेले, सगळे माझ्याकडे तोंड करून बसलेत.

अक्षय तसं म्हणत नाही ना? तुम्ही या पत्रात त्याच्याबद्दल एक ओळही लिहिली नाहीत. मी त्याला मोबाईलवर फोटो पाठवला, कालव्यावरचा, माझा हात पाण्यात आहे तो. त्याने बघितल्याच्या निळ्या खुणा आल्या, उत्तर नाही. मी लिहिलं होतं, गौरीला गोठ्यामागच्या चढावर खुर्ची तू ओढायची, आईंना दमवायचं नाही. बोलायचं सुचत नसेल त्याला. तो आधीपासूनच मुखदुर्बळ, लग्नात नावसुद्धा मीच आधी घेतलं.

सुपं पेणच्या बुरुडाकडे सांगितलीत. नवी, हिरव्या बांबूची.

मालू

---

धाटाव, १६ जून २०२५

मालू,

आई तुला पत्र लिहिते हे मला माहीत आहे. नमिताच्या पोराने सांगितलं. म्हणून मीही पत्रच लिहितो, फोनवर मला हे बोलता येणार नाही. आज ब्रेकमध्ये कँटीनला बसून लिहितोय.

मी डबल शिफ्टला नव्हतो. १६ फेब्रुवारीला मी घरात होतो. ओटीवरून तू दिसत होतीस.

जानेवारीत काकांनी विषय काढला की असं किती दिवस चालणार, सोडचिठ्ठी करून टाका. बाबांनी हो म्हटलं. मग मला विचारलं. मी पण हो म्हटलं. कुणी माझ्यावर जबरदस्ती केली असं मी तुला सांगणार नाही. दिवाळीनंतर वकिलाकडून कागद येतील. तुझ्यावर काही आरोप लावायचे नाहीत असं मी वकिलाला सांगितलंय.

हॉस्पिटलात ती नर्स तुला खाटेवरून खुर्चीत कसं घ्यायचं ते शिकवत होती तेव्हा मिथुन पुढे झाला आणि मी बाहेर जाऊन उभा राहिलो. तू म्हणालीस, शिकशील हळूहळू. मी शिकलो नाही. मला तुझा राग नाही. मी तुझ्यासमोर आलो की मला माझाच राग येतो आणि मग मी येत नाही. याला काय म्हणतात ते मला माहीत नाही, तू म्हणशील ते.

आईला हे सगळं जानेवारीपासून माहीत आहे. तिने तुला सांगितलं नसणार. ती रोज घमेलं घेऊन ती वाट बांधते, आम्ही दोघं ओटीवरून बघतो.

गौरीला येऊ नकोस. बाबा दारात काही बोलले तर मला मध्ये पडता येणार नाही.

अक्षय

---

जोहे, २ जुलै २०२५

आईंना,

अक्षयचं पत्र आलं. तुम्हाला कळलं नसेल तर आता कळवते.

जानेवारीपासून तुम्हाला माहीत होतं. पोस्टमन चढाला कंटाळत नव्हता, पत्र मामंजींच्या हाती पडू नये म्हणून ती अंगणवाडी होती. दादाने मला उचलून वर नेऊ नये म्हणून तुम्ही त्याच्यावर खेकसलात, आणि मी लिहिलं की माझ्या पाठीची काळजी घेतलीत. किती शहाणी मी. ओटीवर बसून माझा नवरा माझ्याकडे बघत होता, आणि मी खाली पोपटीच्या शेंगा सोलत त्याच्या शिफ्टची काळजी करत होते.

रोज शंभर डोळे काढते मी. पण समोरचं दिसलं नाही.

मला एकच सांगा. तुम्ही मला बाहेरच्या बाहेर बसवायला जागा शोधत होतात, की आत न्यायला वाट?

मालू

---

वाडी, १० ऑगस्ट २०२५

चि. सौ. मालूस,

विचारलंस तसंच सांगते. आधी बाहेर बसवायला, मग आत न्यायला.

तुझं पहिलं पत्र आलं तेव्हा घरात बोलणी चालली होती. मला वाटलं, पोरगी वाट मागतेय, तेवढी तरी देऊ, घर तर मला देता येणार नाही. तेव्हा माझ्या मनात तेवढंच होतं. मग तू पाण्यात हात सोडलास, आणि मी पाय धुतले तेव्हा माझ्यासाठी खोटं व्हय म्हणालीस. खोटं ते मला तेव्हाच कळलं होतं. त्या दिवशी घरी आले आणि मुरूम शोधायला निघाले. म्हटलं, वाट दारापर्यंत गेली की घरातल्यांना लाज वाटेल. अंगणापर्यंत चढ आला, अक्षय रोज त्याच्यावरून मोटरसायकल वर घेतो. त्याला सोपं झालं. लाज काही वाटली नाही.

मी भांडले नाही असं समजू नकोस. या घरात माझं भांडण म्हणजे भांड्यांचा आवाज, कुणी मान वर करून बघत नाही.

३१ तारखेला गौर येणार. दर वर्षी मी तेरडा कालव्यावरूनच आणते. तेरडा हातात घेतला की तोंडात पाण्याची चूळ धरायची आणि दारात येईपर्यंत बोलायचं नाही, ही आपल्या घरची रीत तुला माहीत आहे. शिरिषाखाली थांबेन. तुला यायचं तर ये, नको वाटलं तर नको येऊस. दोन्हीत तुझं चुकणार नाही. मोरीपाशी चिखल झालाय, तिथे गिरणीतला तूस आणून टाकलाय, वर पेंढा. हंडा नेऊन बघितला.

गिरजाबाई

---

जोहे, ७ सप्टेंबर २०२५

ती. आईंना नमस्कार.

तुम्ही तिथेच होतात, तरी लिहिते. चूळ तोंडात होती म्हणून दोघींना बोलता आलं नाही, आणि नंतर बोलण्यासारखं उरलं नाही.

मी येणार नव्हते. गणपती सगळे गेले, कारखाना रिकामा झाला, नवी सुपं भिंतीला तशीच टेकलेली. ती बघून मी दादाला म्हटलं, टेंपो काढ. मांडायची नसली तरी दाखवून तरी येऊ.

शिरिषाखाली तुम्ही उभ्या होतात आणि मागे वाडीतल्या सगळ्या बायका. मला वाटलं, एवढ्या बायका कशाला? तुम्ही तेरड्याची गौर माझ्या मांडीवरच्या सुपात ठेवलीत. तांब्यातलं पाणी माझ्या ओठांना लावलंत. मी चूळ धरली. आता मला नको म्हणता येत नव्हतं आणि तुम्हाला विचारताही येत नव्हतं. फार लबाड आहात तुम्ही.

बायका गाणं म्हणत मागून येत होत्या. पाऊस भुरभुरत होता. आंब्याचं वळण आलं, गोठ्याची भिंत आली. सुपातलं एक पान हललं नाही.

दारात मामंजी उभे होते. त्यांनी आधी मला बघितलं, मग मांडीवरची गौर बघितली. गौरीला दारातून परत पाठवायची हिंमत कुणाच्या बापाची आहे? ते बाजूला झाले. गौरीच्या पायांवर पाणी घालायला आत बाईमाणूस नव्हतं, तुम्ही सगळ्या बायका कालव्यावर नेल्या होत्या ते तेव्हा कुठे मला कळलं. मामंजींनी अक्षयकडे बघितलं. तो घरातून तांब्या घेऊन आला.

खाली बसून त्याने माझ्या पायांवर पाणी घातलं. चपला त्यानेच काढल्या. मग चाकांवरही घातलं, चिखल निघेपर्यंत हाताने पुसली चाकं. मान वर केली नाही. पाणी कोमट होतं की गार, मला कळलं नाही. आई, त्याने माझ्या पायाला हात लावला, वर्षानंतर लावला, आणि तो मला कळला नाही. खाली बघितलं म्हणून समजलं. त्या क्षणी मला पडल्याचं जेवढं दुःख झालं तेवढं पडले त्या दिवशीही झालं नव्हतं.

बायकांनी विचारलं, “गौर आली, कशाच्या पावली आली?” मी चूळ गिळली आणि म्हटलं, सोन्याच्या पावली आली. कुणी हसलं नाही. मग तुम्ही खुर्ची आत घेतलीत, उंबऱ्यावर फळी आधीच टाकून ठेवली होतीत. दारापासून देव्हाऱ्यापर्यंत कुंकवाची पावलं काढलेली होती, त्यांच्यावरून माझी दोन्ही चाकं गेली.

गौर बसली. तुम्ही दिवा लावायला वळलात तेव्हा मी आमची खोली बघून घेतली. भिंतींना नवा रंग दिलाय, खाट नाही, माझी पेटी माळ्यावर. मला वाटलं होतं मी रडेन. पण कुणा दुसऱ्याचं घर बघावं तसं बघितलं गेलं. अक्षय मागे येऊन उभा राहिला. म्हणाला, “उद्यापर्यंत थांब. ओवसा करून जा.” चांगल्या मनाने म्हणाला. मी त्याला विचारलं, “आनि परवा?”

ओवसा सून करते. एका दिवसाच्या सुनेने करायचा नसतो. म्हणून मी निघाले. तुम्ही अडवलं नाहीत, खाली कालव्यापर्यंत सोडायला आलात, आणि माझ्या खुर्चीला उतारावर मागे ओढून धरलंत. मला तुमचा श्वास ऐकू येत होता.

शिरिषाखाली मी तुमच्या हातात सूप दिलं ते गौरीचं नाही. ते तुमचं आहे. ओवशाचं सूप मोठ्या बाईला देतात, म्हणून दिलं. बाकीच्या सुपांत इथे आता रंगाच्या बाटल्या ठेवल्यात.

दिवाळीनंतर कागद आले की मी सही करीन, अक्षयला सांगा. पेटी मिथुनदादा येऊन नेईल. हिरवी बादली राहू दे.

आणि आता माझ्यासाठी त्या वाटेवर खपू नका. मला पुन्हा तिकडे यायला जमेल असं वाटत नाही. वाट चांगली आहे. पण तिच्यावरून ते घर दिसतं.

तुमची,
मालू

---

वाडी, २१ डिसेंबर २०२५

चि. मालूस आशीर्वाद.

तुझ्या नावापुढे आता सौ. लिहायचं की नाही ते मला कळेना. सातवीत हे शिकवलं नव्हतं. म्हणून नुसतं चि. लिहिलंय. ते माझ्याकडून कुणी काढून घेऊ शकत नाही.

सही केलेले कागद आले. अक्षय रात्री जेवला नाही, सकाळी जेवला. लिहावं की नाही असा विचार केला, पण तुला खोटं लिहायचं नाही असं ठरवलंय. त्याच्यासाठी घरातले पुरुष इंदापूरकडची मुलगी बघून आले. तुझे सासरे आता त्या चढावरूनच खाली उतरतात, पायऱ्यांनी त्यांना दम लागतो. पहिल्यांदा उतरले त्या दिवशी म्हणाले, “बरा केलास हा रस्ता.” मी आत भांडी घासायला गेले.

ओवशाचं सूप रिकामं परत करायचं नसतं, त्यात मोठीने काहीतरी घालायचं असतं. तुला लुगडं घ्यावं असं मनात होतं, पण कुठल्या नात्याने पाठवू? मिथुन पेटी न्यायला आला तेव्हा सुपात भांबुर्डा आणि नवे वाल घालून दिले. पोपटी तिकडेच लाव. त्याला अंडी कमी दे.

काल कालव्याला पाणी सोडलं. तू येऊ नकोस, तू सांगितलंस ते बरोबर आहे. शिरिषाखालून ते घर दिसतं आणि ते मला हलवता येत नाही. पण वापरात नसलेली वाट गवत आठ दिवसांत खाऊन टाकतं. म्हणून दर रविवारी मी हातगाडीत भाताची पोती टाकते, वर हंडा ठेवते, आणि मोरीपर्यंत नेऊन परत आणते. नमिताची सासू आता काही विचारत नाही, बांधावरून नुसती बघते.

आजही नेऊन आणला. भरलेला गेला, भरलेला आला. दारात आल्यावर मी तो तुळशीत ओतला.

तुझी,
आई